धुळ्याचे एकोणीस दिवस

जळगाव,
१२ फेब्रुवारी १९९५

प्रिय असलम,

तुझं पत्र येऊन आज सोळा दिवस झाले. एरवी मी तुला तीन-चार दिवसांत उत्तर टाकतो, त्यामुळे तू काळजीत असशील. या सोळा दिवसांत मी तीन वेळा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा उठलो. एकदा काहीही आणायचं नसताना बाजारात जाऊन आलो. एकदा स्कूटर काढून मेहरूणच्या तलावापर्यंत गेलो आणि गाडीवरून न उतरताच परत फिरलो. तिसऱ्यांदा प्रमिलाने विचारलं, की असं पिंजऱ्यातल्यासारखं काय फिरताय, तेव्हा तिच्यावर उगीच ओरडलो. आज रविवार आहे. ती मुलीला घेऊन पाचोऱ्याला माहेरी गेली आहे. घरात कुणी नाही, म्हणजे उठून जायला निमित्तही नाही. आज हे पूर्ण करायचं.

तुझ्या घरचं आधी सांगतो. रोजे सुरू झाल्यावर गेल्या रविवारी धुळ्याला जाऊन आलो. अम्मींचा गुडघा बरा आहे. अब्बा वाळले आहेत, पण ते नेहमीच रमजानमध्ये वाळतात. तुझी मनीऑर्डर वेळेवर पोहोचली, असं अम्मींनी मुद्दाम सांगायला सांगितलं.

तुला आठवतं, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी हॉस्टेलची मेस बंद पडली आणि तू मला घरी जेवायला नेलंस, ते मी तीन वर्षं जेवतच राहिलो. तुमच्या घरामागच्या शेडमध्ये रबराचे दोन प्रेस होते. अब्बा साच्यात कच्च्या रबराच्या पट्ट्या ठेवायचे, प्रेस दाबायचे, आणि घड्याळाकडे न बघता बरोबर वेळेला उघडायचे. सुगंधाबाई आणि बाकीच्या बाया ओट्यावर बसून रिंगांच्या कडेचं जादा रबर कात्रीने छाटायच्या. तयार रिंग अब्बा दोन अंगठ्यांवर ताणून उजेडात धरायचे. मला ते फार आवडायचं. मीही त्यांना अब्बाच म्हणायला लागलो, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

म्हणून जळगावला नोकरी लागल्यावर, आमच्या कंपनीला तुषार संचांसाठी रबराच्या रिंगा करणारा माणूस हवा आहे असं कळलं, तेव्हा मी थेट चुडामणभाऊंकडे गेलो. भाऊ मालक, पण मुळात शेतकरी. त्यांनी अब्बांच्या वीस रिंगा नेल्या, स्वतःच्या शेतातल्या पायपांना बसवल्या आणि दिवसभर पाणी सोडून बांधावर बसून राहिले. कुठल्याही जोडातून थेंब गळला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी अब्बांना काम दिलं. हे तुला माहीत आहे. तू तेव्हा पुण्याला निघाला होतास आणि मला म्हणाला होतास, आता घराची काळजी नाही. मला तुझं ते वाक्य हल्ली कारखान्यात जाता-येता आठवतं.

९२ साली कंपनीत संगणक आला. त्याच्यासाठी खोली बांधली, तिला एसी बसवला, दाराबाहेर चपला काढायचा नियम केला. भाऊसुद्धा चिखलाचे बूट बाहेर काढून आत यायचे आणि देवघरात आल्यासारखे हळू बोलायचे. मला त्या खोलीचं वेड लागलं. आपल्याला शेवटच्या वर्षी सिम्युलेशनचा एक धडा होता. कागदावर फासे टाकल्यासारखे आकडे घेऊन रांगेतली माणसं मोजायची. तू तो पेपरला सोडून दिला होतास. मी त्याच धड्यावरून प्रोग्राम लिहिला. संगणकात लुटुपुटूचा सगळा व्यवहार उभा केला. फैजपूरचा शेतकरी दुकानात संच मागतो, दुकानदाराकडची शिल्लक उतरली की तो आमच्याकडे मागणी पाठवतो, आमच्याकडे रिंगा कमी पडल्या की आम्ही धुळ्याला लिहितो, आणि धुळ्याहून माल यायला काही दिवस लागतात. कुठल्या दिवशी किती मागणी येईल, ते संगणक फासे टाकून ठरवायचा. अख्खं वर्ष चार मिनिटांत सरायचं. मी वर्षांवर वर्षं पळवायचो, शंभर-शंभर वर्षं.

त्यात पहिल्यांदा जे दिसलं त्याने मी वेडावलो होतो, आणि तुला आठ पानी पत्र लिहिलं होतं. फैजपूरला मागणी दहा संचांनी वाढली, की दुकानदार माल मिळणार नाही या भीतीने वीस मागतो. पारोळ्याचा आणि पाचोऱ्याचा दुकानदारही तेच करतो. त्यावर आम्ही घाबरून चाळीस लिहितो. धुळ्याला पोहोचतं ते ऐंशीचं पत्र, आणि पुढच्या महिन्यात काहीच नाही. अब्बा कितीदा म्हणायचे, "बेटा, तुमची कंपनी एक तर पूर पाठवते, नाही तर कोरड." ते मला पडद्यावर आकड्यांत दिसत होतं. माणूस खरं बोलत होता, हे सांगायला मला मशीन लागलं. पण ते कळूनसुद्धा मी पुढे काय केलं, ते तुला कधी लिहिलं नाही.

९३ च्या रब्बीआधी भाऊंनी मला विचारलं की संच अर्धवट पडून राहतात ते का. पाईप तयार, जोड तयार, आणि रिंगा नाहीत म्हणून माल गोदामात. गुजरातमधल्या एका मोठ्या कारखान्याने त्यांना पत्रक दिलं होतं, मागणी आल्यापासून आठ दिवसांत माल पोच. भाऊ म्हणाले, "तुझ्या मशीनला विचार, धुळं ठेवायचं का गुजरात घ्यायचं." प्रोग्रामला त्यासाठी एकच नवी गोष्ट हवी होती, धुळ्याचा माल यायला किती दिवस लागतात. मी खरेदीच्या फायली काढल्या. मागणीपत्रावरची तारीख आणि माल तपासून घेतल्याची तारीख, दोन्हींमधले दिवस मोजले. सरासरी निघाली एकोणीस. कधी बारा, कधी एकतीस. मी तेच आकडे घातले. गुजरातसाठी त्यांच्या पत्रकातले आठ घातले, रोजचे आठ, न चुकता आठ. शंभर वर्षं पळवली. धुळं ठेवलं तर वर्षात एकाहत्तर दिवस संच अडकणार, गुजरात घेतलं तर बारा. मी रंगीत पेन्सिलींनी आलेख काढला. बैठक शनिवारी होती.

बुधवारी मी फाटकावर गेलो होतो, दुसऱ्याच कामाला. आपला वनाआबा तिथं आवक लिहितो, पारोळ्याकडचा म्हातारा, तू त्याला एकदा भेटला आहेस. त्याच्या खोलीबाहेर पोत्यांची थप्पी होती आणि पोत्यांवर अब्बांच्या हातची खूण होती, निळ्या शाईतला चांद. मी विचारलं, हा माल आज आला का. आबा म्हणाला, "नही साहेब. धुयाना माल ते कव्हयना येल शे. आठ दिन व्हई ग्यात, आठेच पडेल शे. तपासाले कोन्हीच येत नही." आठ दिवस माल फाटकातच पडून होता, तपासायलाच कुणी आलं नव्हतं. मी त्याची वही उघडली. आबा माल फाटकातून आत येतो त्या दिवसाची तारीख लिहितो. खरेदीची फाईल माल तपासला त्या दिवसाची लिहिते. मधले दिवस आमचे होते. मग मी टपालाचं रजिस्टर बघितलं. मागणीपत्र टाईप होऊन सहीसाठी पाच-पाच दिवस साहेबांच्या टेबलावर पडून राहत होतं, आणि तारीख मात्र टाईप केल्याची. मी उभ्या उभ्या हिशेब केला. एकोणीस दिवसांत पाच सहीचे, दोन टपालाचे, एक ट्रकचा, पाच तपासणीविना पडून राहिल्याचे. अब्बांचे उरले सहा. सहा दिवस, असलम. त्यातही पूर आलेला असायचा.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. माझ्या हातात तीन दिवस होते. आकडे बदलायला अर्धा तास पुरला असता. मी का बदलले नाहीत ते मी दीड वर्ष स्वतःला निरनिराळ्या तऱ्हेने सांगत आलो. आलेख तयार होता. मुंबईहून एक सल्लागार येणार होते. आणि खरं सांगायचं तर आकडे बदलले असते तर दोष सहीच्या टेबलाचा आणि तपासणीचा निघाला असता, आणि तिथली दोन्ही माणसं माझी वरिष्ठ होती. मला त्या वर्षी बढती हवी होती. मी मनाला सांगितलं, की फरक थोडासाच पडेल, पुढच्या वेळी दुरुस्त करू. शनिवारी मी उभा राहून एकोणीस म्हणालो. आवाजसुद्धा कापला नाही. सल्लागार म्हणाले, खानदेशात असं काम मी पहिल्यांदा बघतोय. भाऊंनी माझी पाठ थोपटली. दिवाळीनंतर धुळ्याला एकही मागणी गेली नाही, आणि मला बढती मिळाली.

अब्बांनी तुला सांगितलं की डोळ्यांना झेपत नाही म्हणून शेड बंद केली. त्यांचे डोळे चांगले आहेत. काम आमच्या एका कंपनीवरच उभं होतं. होळीच्या सुमारास त्यांनी एक प्रेस विकला, उन्हाळ्यात दुसरा. त्या दोन्हींच्या मधे मी एकदा घरी गेलो होतो. अम्मींनी शेवया केल्या होत्या. अब्बा मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "बेटा, एक विचारू? तुझ्या त्या संगणकात माझं नाव होतं का?" मला आधी कळलं नाही. ते म्हणाले, "लोक म्हणतात, नाव बघून काढलं. मी सगळ्यांना सांगतो, चुडामणभाऊ तसा माणूस नाही. पण तू आतला आहेस, तू सांग." त्या वर्षी हवाच अशी होती, की लोक लगेच नावावर जायचे. मी म्हणालो, "नाव नव्हतं अब्बा, नुसते दिवस होते." ते म्हणाले, "मग ठीक आहे. दिवस माझेच जास्त झाले असतील." आणि मी गप्प राहिलो. शनिवारच्या बैठकीतल्यापेक्षा ते गप्प राहणं मला जास्त सलतं. बैठकीत समोर कंपनी होती. इथं समोर ते होते, आणि मी त्यांना त्यांचीच चूक मानू दिली.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. प्रोग्राम मी उघडत नव्हतो. संगणकाच्या खोलीत जायचं टाळायचो, दुसऱ्या कुणाला पाठवायचो. मग गेल्या सप्टेंबरात सुरतेला साथ आली आणि गुजरातच्या गाड्या अडल्या. ते समजण्यासारखं होतं. पण साथ सरली, रस्ते मोकळे झाले, तरी रिंगा आल्या नाहीत. त्या कारखान्याला आमच्यापेक्षा दसपट मोठं गिऱ्हाईक मिळालं होतं आणि आम्ही रांगेत शेवटी गेलो होतो. आठाचे चाळीस दिवस झाले. ऐन रब्बीत सहाशे संच रिंगांविना पडून, फैजपूरचे दुकानदार रोज फोनवर. भाऊंनी मला बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "तुझं मशीन तर बारा दिवस म्हणालं होतं ना रे?"

त्या दिवशी मी वनाआबाची वही मागून घेतली आणि सव्वा वर्षाने प्रोग्राम उघडला. अब्बांचे सहा दिवस घातले. मागणी दर पंधरवड्याला सारखी, सही त्याच दिवशी, निरोप फोनवर, तपासणी फाटकावरच. वर्षं पळवली. संच अडकण्याचे दिवस निघाले नऊ. मग जुन्या सवयी परत घातल्या, सहीचे पाच, पडून राहिल्याचे पाच, आणि धुळ्याच्या जागी जगातला सगळ्यात वेगवान कारखाना धरला, दोन दिवसांत माल देणारा. तरी पन्नासच्या वर. म्हणजे कुणीही असता तरी आम्ही त्याला उशीर करणाराच ठरवलं असतं.

मी ते कागद भाऊंसमोर ठेवले आणि बुधवारचं सगळं सांगितलं, वही कधी बघितली तेसुद्धा. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "मी त्या माणसाच्या रिंगा माझ्या शेतात बघितल्या होत्या. स्वतःच्या डोळ्यांनी. आणि तुझ्या कागदावर विश्वास ठेवला." थोड्या वेळाने म्हणाले, "गाडी काढायला सांग. धुळ्याला जाऊ."

घरी अब्बा नव्हते. अम्मी म्हणाल्या, कामावर. मी चमकलो, कारण तुला आणि मला दोघांनाही त्यांनी घरी बसलोय असंच सांगितलं होतं. अम्मींनी नाइलाजाने पत्ता दिला. औद्योगिक वसाहतीत निंबाभाऊ म्हणून एकाचा छोटा कारखाना आहे. आम्ही आत गेलो तर अब्बा प्रेसवर उभे होते. त्यांचाच प्रेस. निंबाभाऊंनी तो विकत घेतला, पण तो नीट चालवणारा मिळेना, म्हणून अब्बांना रोजावर ठेवलं. स्वतःच्या मशीनवर ते रोजंदारीने सायकलच्या ब्रेकचे रबर काढत होते. आम्हाला बघून त्यांनी हात पुसले आणि आधी प्रेस उघडायची वेळ होऊ दिली. मग पुढे आले. भाऊ म्हणाले, "नूर महंमदभाई, आमचं चुकलं. परत काम सुरू करा." अब्बांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, "माझ्याकडे आता काही नाही भाऊ. प्रेस निंबाभाऊचा आहे, काम त्याला द्या. हात माझेच लागतील." तेव्हापासून रिंगा तिथून येतात, दर पंधरवड्याला सारख्या, आणि सुगंधाबाईंना परत बोलावलं आहे. सहीचं टेबल भाऊंनी स्वतःच्या खोलीत आणलं. अब्बांना मात्र अजून रोजंदारीच मिळते. शेड रिकामी आहे. ती भरून देण्याचं माझ्या हातात काही नाही.

त्या दिवशी कारखान्यात मला एकट्याने बोलता आलं नाही. संक्रांतीनंतरच्या रविवारी मी परत गेलो आणि अब्बांना सगळं सांगितलं. तीन दिवस, बढती, आणि दारात गप्प राहिलो ते. ते शेडमध्ये रिकाम्या ओट्यावर बसले होते. ऐकून झाल्यावर त्यांनी आपल्या दोन्ही अंगठ्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "मला वर्षभर वाटत होतं, माझे हात म्हातारे झाले." एवढंच. मला त्यांनी माफ केलं असं म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत. निघताना म्हणाले, "असलमला सांगू नकोस. मी रोजावर जातो हे त्याला कळलं तर तो नोकरी सोडून येईल. आणि तुमची दोस्ती जाईल. तेवढी तरी राहू दे." मी त्यांना शब्द दिला.

आणि बाराव्या दिवशी तुझं पत्र आलं. तू लिहिलंस की तुमच्या कंपनीला एकशे चाळीस पुरवठादारांतले साठच ठेवायचे आहेत, कुणाला काढायचं ते ठरवण्याचं काम तुझ्याकडे आलंय, आणि मी त्या आठ पानांत वर्णन केलेला प्रोग्राम फ्लॉपीवर पाठव. भोसरीच्या एका वॉशरवाल्याबद्दल तू लिहिलंस, म्हातारा आहे, फायलीत त्याचे सरासरी बावीस दिवस निघतात, पहिलं नाव त्याचंच जाईल. महिनाअखेर अहवाल द्यायचा आहे. असलम, म्हणून अब्बांना दिलेला शब्द मी मोडतोय. फ्लॉपी सोबत पाठवतो आहे, प्रोग्राम चांगला आहे, त्यात खोट नाही. त्यात दिवस मात्र भरलेले नाहीत. ते भरण्याआधी तुमच्या फाटकावर जाऊन आवक लिहिणाऱ्या माणसाजवळ बस, आणि एकदा भोसरीला जाऊन त्या म्हाताऱ्याच्या मशीनपाशी उभा राहा. माझ्यावर नंतर चिड, हे आधी कर. अब्बांना लगेच काही लिहू नकोस. ईदला तीन आठवडे आहेत, तेव्हा घरी ये आणि त्यांच्याशी समोर बसून बोल. दरवर्षी तुला घ्यायला मी स्टँडवर उभा असतो. या वर्षी बोलावल्याशिवाय येणार नाही.

अजून म्हणवून घेता येत असेल तर, तुझाच
रुपचंद